सोमवारी नेमके कोण येणार होते?

वाचकाचे पत्र: "सप्रेम नमस्कार. मी जालन्यात एका बियाणे विक्रेत्याच्या कार्यालयात सहा वर्षांपासून काम करते. माझे वय 34 आहे. शिक्षण खेड्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत झाले आणि इंग्रजी पाचवीपासून सुरू झाले. दोन वर्षांपूर्वी तेलंगण आणि कर्नाटकातील व्यापाऱ्यांना इंग्रजीतून ई-मेल लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मागच्या महिन्यात निजामाबादच्या एका व्यापाऱ्याला मी लिहिले, 'अवर मॅनेजर सेड दॅट आय विल कम ऑन मंडे.' त्याप्रमाणे आमचे साहेब देवगिरी एक्स्प्रेसने तिथे पोचले, तर व्यापारी परगावी गेलेले होते. त्यांचे म्हणणे असे की, येणार तर तुम्ही होतात, साहेब येणार असे कुठे लिहिले होते? हिशेबाची बोलणी राहून गेली आणि कार्यालयात सर्वांसमोर मला ऐकून घ्यावे लागले. माझी चूक कुठे झाली, हे मला अजून समजलेले नाही. याशिवाय कॉमा कुठे द्यावा, 'इट्स'वर ते वरचे चिन्ह केव्हा लावावे, 'अ', 'ॲन' आणि 'द' कसे ओळखावेत, 'सिन्स' लिहावे की 'फॉर', हे प्रश्न रोज पडतात. साहेबांचे पुतणे म्हणतात की जिथे श्वास घ्यावासा वाटतो तिथे कॉमा द्यायचा. व्याकरणाचे जाड पुस्तक आणले, पण तिसऱ्या प्रकरणापुढे मी जाऊ शकले नाही. या वयात हे जमेल का, की हे काम दुसऱ्या कोणाला द्या अशी विनंती करू?"

प्रिय भगिनी,

सप्रेम नमस्कार.

काम दुसऱ्या कोणाकडे देऊ नका. तुम्ही पत्रासोबत पाठवलेले पाचही ई-मेल मी दोन वेळा वाचले आणि त्यांतील चुका एका कागदावर उतरवून काढल्या. परभणीत आणि नंतर अंबाजोगाईत मिळून 31 वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतर मला एवढे नक्की कळते की ज्याला इंग्रजी येतच नाही त्याच्या चुका कशाही, कुठेही होतात, आणि ज्याचे मराठी पक्के आहे त्याच्या चुका ठरावीक जागी, ठरावीक प्रकारे होतात. तुमच्या चुका या दुसऱ्या जातीच्या आहेत. त्यांतील जवळजवळ प्रत्येक चूक हे एक बिनचूक मराठी वाक्य आहे, फक्त त्याला इंग्रजी शब्द लावलेले आहेत. म्हणून जाड पुस्तक सध्या बाजूला ठेवा आणि मराठी कुठे वेगळ्या वाटेने जाते एवढेच पाहा.

आधी सोमवारचे प्रकरण घेऊ, कारण तुमच्या मनाला लागलेली गोष्ट तीच आहे.

साहेब तुम्हाला म्हणाले असतील, "मी सोमवारी येतो, असे त्यांना कळवा." मराठीत ही गोष्ट तिसऱ्या माणसाला सांगताना आपण सहज म्हणतो, "साहेब म्हणाले की मी सोमवारी येतो." या वाक्यातील 'मी' म्हणजे साहेब, याबद्दल कोणत्याही मराठी माणसाच्या मनात शंका येत नाही, कारण आपल्या भाषेत 'की' हा शब्द दार उघडून देतो आणि पलीकडून मूळ बोलणारा स्वतःच्याच शब्दांत बोलतो. उलट तुम्ही "साहेब म्हणाले की ते सोमवारी येतील" असे म्हटले असते, तर ऐकणाऱ्याने विचारले असते, "ते म्हणजे कोण?" म्हणजे मराठीच्या दृष्टीने तुम्ही निवडलेला शब्दच अधिक स्पष्ट होता.

इंग्रजीतील 'दॅट' मात्र 'की'सारखा वागत नाही. 'दॅट' आल्यानंतर बोलण्याची सूत्रे पत्र लिहिणाऱ्याच्या हातात जातात, आणि तेथील 'आय' म्हणजे पत्राखाली जिची सही आहे ती व्यक्ती. त्या व्यापाऱ्यांनी तुमचे वाक्य बरोबर वाचले, त्यांचा दोष नाही. तुम्हाला लिहायचे होते, 'अवर मॅनेजर सेड दॅट ही वुड कम ऑन मंडे.' येणे अजून व्हायचे असल्यामुळे 'वुड'ऐवजी 'विल' लिहिले तरीही वाक्य चुकत नाही, पण 'आय'चा 'ही' होणे अटळ आहे. साहेबांचेच शब्द ठेवायचे असतील, तर 'दॅट' काढावा लागतो आणि त्याच्या जागी कॉमा व अवतरणचिन्हे येतात: अवर मॅनेजर सेड, "आय विल कम ऑन मंडे." येथे 'आय' म्हणजे साहेब, कारण अवतरणचिन्हांच्या आत त्यांचा आवाज आहे. मराठीत 'की' जे काम करतो ते इंग्रजीत ही दोन बारीक चिन्हे करतात. ती गाळली की बोलणारा माणूसच बदलतो.

हीच गोष्ट 'उद्या', 'इथे', 'आज' या शब्दांना लागू आहे. साहेब मंगळवारी म्हणाले, "उद्या माल निघेल", आणि तुम्ही बुधवारी ई-मेल लिहिताना 'सेड दॅट द गुड्स विल लीव्ह टुमॉरो' असे लिहिले, तर व्यापारी गुरुवार धरून बसेल. माझा आग्रह असा आहे की व्यवहाराच्या पत्रात 'ते म्हणाले की' हा भागच शक्यतो टाळावा. 'अवर मॅनेजर विल व्हिजिट युवर शॉप ऑन मंडे' असे लिहून पुढे तारीख घालावी. साहेब काय म्हणाले यापेक्षा कोण, कुठे आणि कोणत्या तारखेला येणार, हे व्यापाऱ्याला हवे असते.

आता 'सिन्स' आणि 'फॉर'. तुम्ही लिहिले आहे, 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स सिक्स इयर्स.' मराठीत "सहा वर्षांपासून" आणि "2019 पासून" या दोन्हींना एकच 'पासून' चालतो, म्हणून दोन्हीकडे तुमच्या लेखणीतून 'सिन्स' उतरतो. इंग्रजी येथे भेद करते: काळाचे माप सांगायचे असेल तर 'फॉर', आणि काळातला आरंभाचा खुंट दाखवायचा असेल तर 'सिन्स'. हा भेद ओळखण्याची कसोटी मराठीतच आहे. "मला येथे काम करून अमुक झाले" या वाक्यात तुमचा शब्द बसवून पाहा. "मला येथे काम करून सहा वर्षे झाली" हे बसते, तेव्हा 'फॉर'. "मला येथे काम करून 2019 झाले" असे कोणी म्हणत नाही, तेव्हा 'सिन्स'. तास, दिवस, महिने, वार, तारखा या साऱ्यांना ही कसोटी लागू पडते. क्रियापदाचे रूपही सोबत बदलते, कारण सहा वर्षांपूर्वी सुरू झालेले आणि आजही चालू असलेले काम इंग्रजीत 'हॅव बीन' घालून सांगितले जाते: 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर सिक्स इयर्स.'

तिसऱ्या ई-मेलमध्ये 'वी आर हॅविंग टू गोडाउन्स' असे वाक्य आहे. अशा चुकीवर शहरातली शिकलेली माणसेही अडखळतात, पण आपल्या मराठवाड्याच्या बोलीकडे याचे फार चांगले उत्तर आहे आणि वर्गात मी ते नेहमी वापरत आलो. परभणी-नांदेडकडे आपण "मी रोज ऑफिसला जाते" आणि "मी आत्ता ऑफिसला जायलेय" असा स्वच्छ फरक करतो. पहिले वाक्य सवयीचे, दुसरे या क्षणी चाललेल्या क्रियेचे. इंग्रजीतील 'आय गो' आणि 'आय ॲम गोइंग' यांत तेवढाच फरक आहे. जिथे बोलीत तुम्ही 'करायलेय', 'जायलेय', 'लिहायलेय' म्हणाल तिथे 'आयएनजी' लावा. "आमची दोन गोदामं असायलेत" असे तुमच्या घरात कोणी म्हणेल का? कोणीच म्हणणार नाही, कारण असणे ही चालू असलेली क्रिया नसून स्थिती आहे. म्हणून 'वी हॅव टू गोडाउन्स'. ज्या बोलीला शाळेत अशुद्ध म्हणून हिणवले गेले, तीच येथे शुद्ध इंग्रजीचा रस्ता दाखवते, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

'डिड नॉट वेंट' ही चूक तुमच्या ई-मेलांत एकदाच आहे. भूतकाळ एकदाच दाखवायचा असतो. तो 'डिड'ने दाखवून झाला की पुढचे क्रियापद मूळ रूपात येते: 'डिड नॉट गो'. 'दो द रोड वॉज क्लोज्ड, बट द ट्रक रीच्ड' या वाक्यातील अडचणही अशीच दुहेरीची आहे. मराठीत 'जरी' आला की 'तरी' यावाच लागतो, 'जर'ला 'तर' लागतो, 'जेव्हा'ला 'तेव्हा' लागतो, कारण आपले मिश्र वाक्य जोडीने चालते. इंग्रजीत यांतला एकच शब्द वाक्याचा भार उचलतो. 'दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा, दोघांना एकत्र बसवू नका.

आता कॉमाकडे येऊ. येथे मला थोडे सविस्तर लिहावे लागेल.

साहेबांच्या पुतण्यांचा श्वासाचा नियम अगदीच निराधार नाही, त्याला जुना इतिहास आहे. इसवी सनापूर्वी 200 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयाचे प्रमुख असलेल्या अरिस्टोफेनीस या ग्रीक पंडिताने मोठ्याने वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ओळीत वेगवेगळ्या उंचीवर ठिपके देण्याची पद्धत घालून दिली. कुठे थोडे थांबायचे आणि कुठे पुरते थांबायचे, हे त्या ठिपक्यांनी कळत असे, आणि 'कॉमा' हा शब्द मुळात अशा वाक्याच्या लहान तुकड्याचेच ग्रीक नाव आहे. पुढे छपाई आली, 1490 च्या दशकात व्हेनिसमधील मुद्रक आल्दुस मानुतियुस यांच्या पुस्तकांत आजच्या रूपातील कॉमा आणि अर्धविराम दिसू लागले, आणि माणसे मोठ्याने वाचण्याऐवजी मनात वाचू लागली तसे ही चिन्हे श्वासाकडून वाक्यरचनेकडे वळली. आजच्या इंग्रजीत कॉमा श्वासावर ठरत नाही. वाक्याचे कोणते तुकडे एकमेकांना चिकटलेले आहेत आणि कोणते सुटे आहेत, यावर तो ठरतो.

आपल्या मराठीनेही ही चिन्हे इंग्रजीकडूनच घेतली, हे तुम्हाला ऐकून बरे वाटेल. मोडी लिपीतील पत्रे आणि कागद पाहिले, तर त्यांत शब्दसुद्धा सुटे नसतात, मग स्वल्पविराम कुठला? एकोणिसाव्या शतकात मराठीत विरामचिन्हे रुजवण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. मोल्सवर्थ या इंग्रज कोशकाराच्या मराठी-इंग्रजी कोशाला त्यांचे साहाय्य होते आणि 1847 सालचा इंग्रजी-मराठी कोश त्यांच्याच हातून पूर्ण झाला. मात्र चिन्हे घेतली तरी त्यांचे नियम आपण आपल्या वाक्यांच्या स्वभावाप्रमाणे वळवून घेतले, आणि तुमची सारी गफलत त्या वळणावर होते.

पहिले वळण 'की'चे. मराठीत 'की'च्या आगेमागे स्वल्पविराम देण्याची सवय अनेकांना असते आणि ती फारशी कोणाला खटकत नाही. इंग्रजीत 'दॅट'च्या आधी असा कॉमा देत नाहीत. 'वी नो, दॅट द स्टॉक इज लो' यातला कॉमा काढून टाका.

दुसरे वळण लांब कर्त्याचे. 'ऑल द बॅग्ज ऑफ कॉटन सीड सेंट लास्ट वीक, आर इन द गोडाउन' असे तुम्ही लिहिले आहे. एवढे शब्द उच्चारल्यावर श्वास लागतो हे खरे, पण हे सगळे शब्द मिळून एकच कर्ता आहे, आणि कर्ता व त्याचे क्रियापद यांच्या मध्ये एकटा कॉमा इंग्रजीत कधीही येत नाही. श्वासाचा नियम येथे सरळसरळ चुकवतो.

तिसरे वळण तुमच्या पाचही ई-मेलांत आहे. "माल पाठवला आहे, कृपया पोच कळवावी" हे मराठीत नित्याचे वाक्य आहे. तेच इंग्रजीत 'द गुड्स हॅव बीन डिस्पॅच्ड, प्लीज कन्फर्म' असे लिहिले की दोन पुरी वाक्ये एका कॉमाने शिवल्यासारखी होतात, आणि इंग्रजीत कॉमाला तेवढे बळ नाही. पहिल्या वाक्यानंतर पूर्णविराम द्या आणि 'प्लीज' मोठ्या अक्षराने सुरू करा. अर्धविरामही चालतो, पण तुम्हाला माझे सांगणे पूर्णविरामाचे आहे. व्यापारी मोबाइलवर घाईने वाचतो, त्याला लहान वाक्ये सोयीची पडतात. मोठ्या अक्षरावरून आठवले म्हणून येथेच सांगतो की देवनागरीत लहान-मोठे अक्षर हा भेद नसल्याने वारांची, महिन्यांची आणि भाषांची नावे तुम्ही लहान अक्षराने सुरू करता. इंग्रजीत ती मोठ्या अक्षरानेच सुरू होतात, आणि 'मी' या अर्थाचा 'आय' तर वाक्याच्या मध्यातही मोठाच असतो.

चौथे वळण सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यात पैसा अडकलेला असतो. समजा, तुम्ही 200 पिशव्या पाठवल्या आणि त्यांतल्या 12 पावसात भिजल्या. व्यापारी लिहितो, 'द बॅग्ज दॅट वेअर वेट हॅव बीन रिटर्न्ड.' कॉमा नाही, म्हणून अर्थ असा की जेवढ्या भिजल्या तेवढ्याच, म्हणजे 12, परत केल्या. त्याने 'द बॅग्ज, विच वेअर वेट, हॅव बीन रिटर्न्ड' असे लिहिले, तर दोन कॉमांच्या मधला मजकूर ही केवळ जोड माहिती ठरते आणि वाक्याचा अर्थ होतो की सगळ्या पिशव्या परत केल्या, आणि हो, त्या भिजलेल्या होत्या. 12 आणि 200 यांच्यातील फरक त्या दोन चिन्हांवर उभा आहे. मराठीत हे काम "ज्या पिशव्या भिजल्या होत्या त्या परत केल्या" यातील 'ज्या' आणि 'त्या' करतात. निवड या शब्दांनीच होते, म्हणून "भिजल्या होत्या"नंतर स्वल्पविराम दिला काय आणि न दिला काय, अर्थ ढळत नाही. इंग्रजीत ढळतो. तुमच्या मनातील मराठी वाक्यात 'ज्या-त्या' असेल आणि काही पिशव्या वेगळ्या काढायच्या असतील, तर इंग्रजीत एकही कॉमा देऊ नका.

पाचवे, यादीतील शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधी कॉमा द्यावा की देऊ नये, हे तुम्ही विचारले आहे. दोन्ही पद्धती चालतात, पण एक घटना सांगावीशी वाटते. अमेरिकेतील मेन राज्याच्या कायद्यात कोणत्या कामांना जादा वेळेचा मोबदला मिळणार नाही याची यादी होती, आणि तिच्या शेवटी मालाचे 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन' असे शब्द होते, 'ऑर'च्या आधी कॉमा नव्हता. ओकहर्स्ट डेअरीचे ट्रकचालक माल वाटपाचे काम करत, पॅकिंग करत नसत. त्यांनी असा दावा केला की कॉमा नसल्यामुळे हे सारे मिळून पॅकिंगचे एकच काम ठरते, वाटप हे वेगळे काम वगळलेले नाही, आणि म्हणून मोबदला आम्हाला मिळायला हवा. 2017 मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध असल्याचे मान्य करून चालकांच्या बाजूने निर्णय दिला आणि 2018 मध्ये 50 लाख डॉलरवर तडजोड झाली. म्हणून दर, वजन, वाण आणि गावे यांच्या याद्या लिहिताना तो शेवटचा कॉमा तुम्ही द्यावा, असे माझे मत आहे.

कॉमा येथे संपवतो आणि वरच्या चिन्हाकडे, म्हणजे अपॉस्ट्रॉफीकडे येतो. 'आय', 'टी', 'एस' या तीन अक्षरांच्या शब्दाला ते चिन्ह केव्हा लावायचे? मराठीत अर्थ करून पाहा. "ते आहे" असा अर्थ निघाला तर चिन्ह लावा, कारण तेथे 'इट इज'मधील एक अक्षर गळलेले आहे आणि चिन्ह त्या गळलेल्या अक्षराची खूण आहे. "त्याचे", "तिचे" असा अर्थ निघाला तर चिन्ह नको. 'हिज', 'हर्स', 'अवर्स', 'युवर्स', 'देअर्स' या मालकी दाखवणाऱ्या एकाही शब्दाला ते चिन्ह नाही, 'इट्स' त्यांच्याच पंगतीतला आहे. ही चूक पूर्वी इंग्रजांच्या लेखनातही सर्रास होती. सतराव्या-अठराव्या शतकांतील छापील पुस्तकांत मालकीच्या 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी दिलेला सापडतो, तेव्हा तुम्हाला तो चुकून सुचतो याची खंत बाळगू नका.

नामाला मात्र मालकीसाठी ते चिन्ह लागते, आणि ते 'एस'च्या आधी की नंतर, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला. 'शेतकऱ्याचा' आणि 'शेतकऱ्यांचा' हे दोन शब्द लिहून पाहा. त्यांत फरक एका अनुस्वाराचा आहे, आणि तो ठिपका एक शेतकरी की अनेक शेतकरी हे ठरवतो. इंग्रजीत हा ठिपका म्हणजे अपॉस्ट्रॉफीची जागा. 'फार्मर'नंतर लगेच चिन्ह आणि मग 'एस' असेल, तर एका शेतकऱ्याचा. 'एस' लिहून झाल्यावर चिन्ह असेल, तर अनेक शेतकऱ्यांचा. कानाला दोन्ही 'फार्मर्स'च ऐकू येतात, म्हणून हा भेद फक्त लेखनात जिवंत आहे. आणि जेथे मालकी नाही, केवळ अनेकवचन आहे, तेथे चिन्ह मुळीच नको. दुकानांच्या पाट्यांवर 'सीड्स', 'पंप्स' यांना ते लावलेले दिसते, पण पाटी पाहून शिकू नये.

'अ' आणि 'ॲन' यांचा नियम सोपा आहे आणि देवनागरी जाणणाऱ्याला तो अधिकच सोपा आहे, कारण तो इंग्रजी अक्षरावर चालत नाही, उच्चारावर चालतो. पुढचा शब्द देवनागरीत लिहून पाहा. तो स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'. 'अवर' म्हणजे तास, तेथे 'ॲन'. 'युनिव्हर्सिटी'त आरंभी 'य' आहे, तेथे 'अ'. म्हणूनच 'ॲन एमपीएससी एक्झाम' पण 'अ यूपीएससी एक्झाम', 'ॲन एसटी बस' पण 'अ झेडपी स्कूल'. एक सावधगिरी ठेवा: आपल्याकडे 'एम'ला 'येम' आणि 'एस'ला 'येस' असे म्हणण्याची सवय आहे. तो उच्चार घेऊन कसोटी लावली तर उत्तर चुकेल.

'द' मात्र अवघड आहे, कारण मराठीत त्याला जुळणारा शब्दच नाही. तरी त्याची जाण तुमच्या कानात लहानपणापासून आहे. श्रावणातल्या कहाणीत "आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता" असे ऐकले की पुढे "राजाला दोन राण्या होत्या" हे वाक्य येते. पहिल्यांदा 'एक राजा', कारण ऐकणाऱ्याला तो अजून ठाऊक नाही. दुसऱ्यांदा नुसता 'राजा', कारण आता कोणता राजा हे दोघांनाही माहीत आहे. पहिला 'अ किंग', दुसरा 'द किंग'. ई-मेल लिहिताना प्रत्येक नामापाशी एवढेच विचारा: मी कोणत्या वस्तूबद्दल बोलते आहे, हे वाचणाऱ्याला माहीत आहे का? असेल तर 'द'. नसेल आणि वस्तू एक असेल, तर 'अ' किंवा 'ॲन'. नद्या, वर्तमानपत्रे, देशांची काही नावे यांचे स्वतंत्र संकेत आहेत, पण तुमच्या कामात ते क्वचितच लागतील, आज त्यांत वेळ घालवू नका.

'डू द नीडफुल' लिहावे का, असे तुम्ही विचारले आहे. ते चूक नाही, जुन्या कचेऱ्यांची भाषा आहे. पण नेमके काय करावे हे त्यातून कळत नाही, म्हणून पोच हवी असेल तर पोच मागा.

राहिला वयाचा प्रश्न. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झाले, म्हणजे थोड्या वर्षांनी तुमची संधी हुकली. पण आपल्या भागात भाषा उशिरा आणि अडचणीतून शिकण्याची गोष्ट नवी नाही. 1948 पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील उच्च शिक्षणही उर्दूतून चाले. घरात मराठी बोलणाऱ्या मुलांनी उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी शिकली, तिच्यातला उलटा स्वल्पविराम आणि आडव्या रेघेचा पूर्णविराम शिकला, आणि त्यांतल्या अनेकांनी नंतर प्रौढपणी इंग्रजीही हस्तगत केली. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ 1958 मध्ये मिळाले. माझ्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थ्यांचे वडील याच पिढीतले होते, आणि तिन्ही लिप्यांत सुवाच्य अर्ज लिहिणारी माणसे मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहेत. 34 हे वय त्या मानाने तरुण आहे.

अभ्यासासाठी एकच गोष्ट सुचवतो. पाठवलेला प्रत्येक ई-मेल आठवड्याच्या शेवटी एकदा वाचा आणि जे वाक्य खटकेल त्याखाली, ते लिहिताना मनात आलेले मराठी वाक्य लिहा. चूक कुठल्या मराठी सवयीतून आली, हे दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या की दिसते. माझ्या वर्गात दोन महिने हे चिकाटीने करणारे विद्यार्थी पुढे स्वतःच्या चुका स्वतः पकडू लागत.

तुमचा शेवटचा ई-मेल मी असा लिहिला असता:

'डिअर सर, वी सेंट यू 200 बॅग्ज ऑफ कॉटन सीड लास्ट वीक. द बॅग्ज दॅट वेअर वेट विल बी रिप्लेस्ड. अवर मॅनेजर विल व्हिजिट युवर शॉप ऑन मंडे. प्लीज टेल अस व्हॉट टाइम सूट्स यू.'

मंडेच्या पुढे तारीख तेवढी घाला. खाली सही करताना, आरंभी 'डिअर सर' असल्यामुळे 'युवर्स फेथफुली' लिहा. व्यापाऱ्याचे नाव घालून सुरुवात केली असेल, तर 'युवर्स सिन्सिअरली'. आणि या 'युवर्स'मध्ये तुम्ही पाचही ठिकाणी दिलेला अपॉस्ट्रॉफी काढून टाका.